स्क्रीनवरचा टॉवेल

"आधी तो टॉवेल काढा, आप्पा."

"असू द्या वो बाई. धूळ लई हाय."

"धूळ बाहेर आहे. आपण आत आहोत आणि काचा बंद आहेत."

"आतबी येतीया."

राहू गावातल्या एका बंगल्याच्या अंगणात, कोऱ्या इलेक्ट्रिक गाडीत आमची ही चर्चा चालली होती. आप्पा स्टिअरिंगवर, मी डाव्या सीटवर. दोघांच्या मधोमध, डॅशबोर्डवर, जेवणाच्या ताटाएवढा स्क्रीन. त्या स्क्रीनवर आप्पांनी खांद्यावरचा लाल काठाचा टॉवेल पसरला होता, जसा एखाद्याने पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकावा.

माझा उजवा पाय मॅटवर ब्रेक शोधत होता. तिथं ब्रेक नव्हता. शिक्रापूरला माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. माझ्या क्लासच्या गाडीत डाव्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतो, त्याला ड्युअल कंट्रोल म्हणतात. शिकणाऱ्याने घोळ घातला की शिकवणारा आपल्या बाजूने गाडी थांबवतो. कंपनीतली पोरं, नव्या सुना, बिहारहून आलेले कामगार, सगळ्यांना मी त्या एका पेडलच्या भरवशावर शिकवलंय. मी ख्रिश्चन, वडील शिरूरला मिशनची जीप चालवायचे, रोज प्रार्थना करून स्टार्टर मारायचे. मीही प्रार्थना करते, पण पाय ब्रेकवर ठेवून करते. आप्पांच्या गाडीत मात्र नुसती प्रार्थनाच होती.

तिथं मी कशी पोहोचले ते सांगते. आप्पांचा मुलगा निलेश पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे. वडिलांची डिझेल जीप जुनी झाली म्हणून त्याने हौसेने ही गाडी घेऊन दिली. पूजा झाली, चाकांखाली लिंबं चिरडली. स्क्रीनला हळदीकुंकू लावायला आप्पांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, बोट टेकवलं तर मागची डिकी आपोआप उघडली. गुरुजींनी तो शुभशकुन ठरवला. आठवडाभराने आप्पांनी तीच गाडी गोठ्याच्या पाण्याच्या हौदावर घातली. हौदाला चीर, गाडीच्या बंपरला खड्डा, म्हशी दोन दिवस दूध चोरत होत्या.

निलेशचा मला फोन आला.

"मॅडम, बाबा म्हणतात मीटरच दिसत नाही. समोर काहीच नाही म्हणतात. तुम्ही एकदा त्यांना शिकवा आणि खरं काय ते सांगा. जमणार नसेल तर मी ड्रायव्हर ठेवतो. मागच्या वेळी हौद होता, पुढच्या वेळी माणूस असेल."

मुलाचं म्हणणं बरोबर होतं. म्हणजे मी शिकवायला आलेली बाई नव्हते, परीक्षा घ्यायला आले होते. आप्पांना ते पक्कं माहीत होतं. मी अंगणात उतरले तेव्हा चहाबरोबर मला शंकरपाळ्या, चिवडा, लाडू आणि घरचा गूळ मिळाला. लाच द्यायची तर अशी द्यावी. मी लाडू खाल्ला आणि गाडीकडे चला म्हटलं.

आता त्या गाडीची तक्रार. आप्पांचं चूक होतं असंही नाही. आपल्याकडे मीटर म्हणजे स्टिअरिंगच्या मागे, ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर. या गाडीत तिथं काहीच नाही, सपाट पट्टी. वेग, बॅटरी, आरसे, एसी, वायपर, सगळं मधल्या स्क्रीनमध्ये. समोरचा खण उघडायचा तरी स्क्रीनवर बोट लावा. कुणीतरी गाडीतली सगळी बटणं गोळा करून एका काचेखाली पुरली आहेत. अशा गाडीत नव्या माणसाची नजर सारखी डावीकडे खाली जाते. साठच्या वेगात दोन सेकंद नजर खाली गेली की गाडी तीसेक मीटर आंधळी धावते. तेवढ्यात एखादं शेळ्यांचं खांड पार होतं, किंवा होत नाही.

"टॉवेल," मी पुन्हा म्हटलं.

आप्पांनी नाइलाजाने तो ओढला. स्क्रीनवर पांढरे ठसे होते. आप्पा तंबाखू मळतात, अंगठ्याला चुना असतो, आणि त्याच अंगठ्याने ते स्क्रीन दाबतात. वेगाचा आकडा दिसतो तो कोपरा तर चुन्याने सारवून काढला होता. मी माझ्या ओढणीने तो पुसला.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि काकू आत येऊन बसल्या. मांडीवर पिशवी, पदर खांद्यावर घट्ट.

"तू कुठं?" आप्पा.

"मी बी येते. घरात बसून काय करू?"

"हितं शिकायचं चाललंय."

"मग शिका की. मी काय पाय वढते व्हय तुमचा?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला काही हरकत नव्हती. गाडीत दोन बायका असल्या की पुरुष जरा सांभाळून चालवतो, असा माझा अनुभव होता. तो त्या दिवशी खोटा ठरला.

अंगणात मी त्यांना एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली. इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी नुसती सुटत नाही, स्वतःच आवरते, जवळजवळ ब्रेक मारल्यासारखी. चाकं उलट बॅटरी भरायला लागतात म्हणून. डिझेलवाल्या माणसाला आधी त्याचा राग येतो. आप्पांनाही आला.

"ही काय अडेल म्हैस हाय का? पाय काढला की हुभी?"

"घाबरलात की फक्त पाय उचला. दुसरं काही करू नका."

"मी घाबरत न्हाई."

"मी घाबरते. माझ्यासाठी उचला."

अंगणात त्यांना छान जमलं. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, स्टिअरिंगवर हात मऊ, रिव्हर्स तर माझ्यापेक्षा सरळ. मला वाटलं, लाडू पचणार.

आम्ही रस्त्याला लागलो. नदीच्या पुलाकडे जाऊ, तळेगाव ढमढेरेच्या अलीकडून परत फिरू, असं ठरलं.

आता एक गोष्ट शहरातल्या वाचकांना सांगायला हवी. दोन वेळा सरपंच झालेला माणूस गाडी चालवताना रस्ता बघत नाही, माणसं बघतो. पाराजवळचे चार जण, दूध घालून येणारा, पान टपरीवाला, प्रत्येकाला हात वर झाला पाहिजे. एकाला चुकला तर संध्याकाळपर्यंत गावात बातमी, आप्पाची मान आखडली. जुन्या जीपचं बरं होतं. तिचा आवाज वळणाच्या आधीच पोचायचा, लोक हात वर करून तयार असायचे. ही नवी गाडी मांजरीसारखी येते. कुणाला पत्ताच नाही. म्हणून आप्पा आधी हॉर्न द्यायचे, माणूस दचकून वळला की मग हसून रामराम घालायचे. एक म्हातारबाबा तर सायकलसकट पाटाच्या चारीत गेले. आप्पांनी त्यांनाही रामराम घातला.

गाव सुटलं. दोन्ही बाजूंना ऊस. तोडणीचे दिवस, रस्त्यावर पाचट उडत होतं. आप्पा खुशीत आले. मला बाजार समितीच्या निवडणुकीची गोष्ट सांगायला लागले. रस्ता बरा होता, गाडी गुळगुळीत. मी आरशात मागचा पिकअप बघत होते.

मागून काकूंचा आवाज आला.

"ब्याऐंशी."

"काय ब्याऐंशी?" आप्पा.

"ब्याऐंशीनं चाललाय तुम्ही."

"काय बी काय? पन्नास असंल."

"मला दिसतंय की. हितं मोठ्ठा आकडा हाय. आता चौऱ्याऐंशी."

मी स्क्रीन बघितला. चौऱ्याऐंशी. आप्पांनी बघितला, म्हणजे डावीकडे खाली बघितलं. गाडी थोडी उजवीकडे सरकली. मी म्हटलं, "आप्पा, हळू. आणि समोर बघा."

"आवाजच न्हाई वो बाई हिला! कसं कळायचं?"

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. जीपचा वेग आप्पा कानाने मोजायचे. इंजिन रडायला लागलं की साठ. या गाडीत ऐंशीलाही देवळातल्यासारखी शांतता.

पुढच्या वळणावर चारी फुटून रस्त्यावर पाणी आलं होतं. समोरून एक टेम्पो आला आणि त्याने ते सगळं गढूळ पाणी आमच्या काचेवर आणून ओतलं. समोर तपकिरी भिंत.

आप्पांचा हात सवयीने वायपरच्या दांडीकडे गेला. ती दांडी या गाडीत नाही. इंडिकेटर लागला. मग त्यांनी मान खाली घातली आणि अंगठा स्क्रीनवर टेकवला. एसी वाढला. परत टेकवला. एका बाईचं लावणीसारखं काहीतरी गाणं मोठ्याने सुरू झालं. मी वायपरचं चित्र शोधत होते, ते दुसऱ्याच पानावर होतं. चिखलाच्या फटीतून मला पुढे उसाची ट्रॉली दिसली. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ती उभी होती.

"पाय उचला!" मी ओरडले.

देवाची कृपा म्हणा, अंगणातली घोकंपट्टी म्हणा, त्यांनी पाय उचलला. गाडी अशी आवरली की काकूंची पिशवी पुढे माझ्या मांडीवर आली. मग त्यांनी ब्रेकही दाबला. आम्ही थांबलो तेव्हा बोनेट आणि ऊस यांच्यात एक म्हैस मावली असती, तीही आजारी.

गाणं अजून चालू होतं. मी ते बंद केलं. मला प्रचंड राग आला होता. थोडा आप्पांचा, थोडा ही गाडी बनवणाऱ्यांचा, बराचसा टेम्पोवाल्याचा.

गाडी बाजूला घेतली. आप्पा स्टिअरिंग धरून बसले होते. काकू पिशवीतून सांडलेली भाकरी गोळा करत होत्या. मी जे विचारायला हवं होतं ते विचारलं.

"आप्पा, हा टॉवेल कधीपासून आहे?"

"सांगितलं की. धूळ."

"मी सांगते," काकू म्हणाल्या. "गाडी पुण्याहून आनली तवा मी फुडं बसले हुते. वाटंत मी म्हनलं, अवो, नव्वद झाले. दुसऱ्या दिवशी टॉवेल आला."

आप्पा टॉवेलची घडी घालायला लागले.

"जीपमधी चाळीस वरीस मला सांगायचे, चाळीसवर हाय गं. मीटर तिकडं चाकाच्या मागं. मला काय दिसायचा? मी आपली डोळं मिटून बसायची. आता सगळं मधी मांडून ठिवलंय, तर हे झाकून ठिवत्यात."

म्हणजे प्रकरण असं होतं. मीटर दिसत नाही ही तक्रार खोटी. मीटर सगळ्यांना दिसतो, हा त्रास होता. बायकोला दिसू नये म्हणून आप्पांनी मीटर झाकला, वेगाचा अंदाज कानाने घ्यायला गेले, कानाला काही ऐकू येईना, आणि गाडी हौदावर. इतकं साधं गणित निलेशच्या कॉम्प्युटरलाही सुटलं नसतं.

मला हसू आलं. पण आप्पांचा चेहरा बघून ते गिळलं.

"बाई, लेकाला काय सांगनार?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"काय सांगू?"

"जीप इकली तवा मला काय वाटलं न्हाई. पन ड्रायव्हर ठिवला की मी मागं बसनार. मागं बसून, काच खाली करून, लोकांकडं बघत. आजारी मान्साला दवाखान्यात नेत्यात तसं. गावाला कळतंय वो ते. गाव बोलत न्हाई, पन कळतंय. आप्पा संपला."

मला खरंच वाईट वाटलं. माझे वडील गाडी सोडल्यावर दुसऱ्याच माणसासारखे झाले होते, ते मी घरात बघितलंय. पण खोटा शेरा मी देत नाही. त्या ट्रॉलीवर उसाऐवजी तोडणीवाल्यांची पोरं बसलेली असती तर? मी तेच त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. काकू उतरल्या, वळसा घालून माझ्या दाराशी आल्या.

"मार्थाबाई, तुम्ही मागं बसा."

"का हो?"

"ह्या खेळण्यातलं मला सगळं येतं. निल्यानं दोघांना शिकवलं हुतं. ह्यांचं ध्यान मोबाइलात हुतं."

मी मागे गेले. इतक्या वर्षांच्या धंद्यात विद्यार्थ्याच्या मागच्या सीटवर मी पहिल्यांदाच बसले. काकूंनी पदराने स्क्रीन पुसला, दोन वेळा बोट फिरवलं, काच धुतली गेली, वायपर फिरला, एसी बंद झाला. "माझं गुडघं दुखत्यात गारठ्यानं," त्या म्हणाल्या. आप्पांना विचारलं नाही.

परतीच्या रस्त्यावर त्या आकडे वाचत राहिल्या. बावन्न. पंचावन्न. साठ, पाय उचला. अठ्ठेचाळीस, आता बरं. आप्पा एकदाही खाली बघेनात. नजर रस्त्यावर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. रामरामसुद्धा काकूच डाव्या खिडकीतून परस्पर घालत होत्या. गाडी मस्त चालली होती. आप्पांचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा.

"मला काय ह्या वयात बायकू हाकनार व्हय?" गावाजवळ ते एकदाचे फुटले.

इथं मी तोंड घातलं. "आप्पा, एसटीत ड्रायव्हर मोठा की कंडक्टर?"

"ड्रायव्हर."

"पण घंटी कोण देतं?"

"कंडक्टर," ते नाइलाजाने म्हणाले.

"कंडक्टरनं घंटी दिल्याशिवाय एसटी हलत नाही. त्यानं ड्रायव्हरची इज्जत कमी होते का? स्टिअरिंग तुमचं. स्क्रीन काकूंचा. चालत्या गाडीत तुम्ही त्याला हात लावायचा नाही."

आप्पांनी वळणावर हॉर्न दिला. मग काकूंकडे न बघता म्हणाले, "मग तिकिटं बी फाड म्हणावं."

म्हणजे मान्य. गाडी अंगणात लागल्यावर मी वेगाचा अलार्म लावून दिला, म्हणजे ठरलेल्या आकड्यापुढे गेलं की गाडी टुंगटुंग करते. मी साठ ठेवला. माझी पाठ वळताच काकूंनी पन्नास केला. मी बघितलं, पण बोलले नाही.

निलेशला फोन केला. "पास. पण कंडक्टरसह. आई डाव्या सीटवर असल्याशिवाय गाडी गेटबाहेर न्यायची नाही."

"मॅडम, असं लायसन्स असतं?"

"चष्म्यासह लायसन्स असतं ना? तसंच."

तो हसला, आणि त्याने ड्रायव्हरचा विषय सोडला. आप्पांनी मला गुळाची आख्खी ढेप गाडीत ठेवून दिली. दोन्ही हात जोडले. त्यांचे डोळे ओले होते आणि मलाही भरून आलं. माझ्या धंद्यात नापास करायची वेळ आलेल्या माणसाला पास करता येणं फार क्वचित घडतं.

नंतरचं मला तुकड्यातुकड्याने कळलं. अट म्हणजे अट. आप्पांना कुठंही जायचं तर काकू बरोबर. पतसंस्थेच्या मीटिंगला काकू. खताच्या दुकानात काकू. लग्न आणि मयत सोडून कुठंही न गेलेली बाई आता कारखान्यावर, तहसीलमध्ये, शिरूरच्या बाजारात. पतसंस्थेत एकदा चहा गार आला म्हणून तिने मॅनेजरला ऐकवलं आणि सगळ्या संचालकांनी मान डोलावली. कोरेगाव भीमाजवळच्या ज्या हॉटेलात आप्पा दोस्तांबरोबर मटण खायला जायचे, तिथंही काकू. तो पत्ता आप्पांनी कधी सांगितला नव्हता. स्क्रीनवर मागच्या प्रवासांची यादी असते, तिच्यात तो वरून पहिला होता. काकूंनी सगळ्यांसमोर स्वतःसाठी दहीभात मागवला आणि आप्पांना बीपीची गोळी काढून दिली. दोस्तांनी पुढच्या वेळी जागा बदलली. नवी जागाही यादीत आली.

महिन्याभराने दुपारी आप्पांचा फोन आला. दबका आवाज.

"बाई, एक काम हुतं. एखादा चांगला ड्रायव्हर हाय का तुमच्या वळखीत?"

"ड्रायव्हर? आप्पा, तुम्हाला तर ड्रायव्हर नको होता."

"तवा नको हुता. आता मागं बसायला बी माझी काय हरकत न्हाई. चालवायला कसाबी चालंल, पन कमी बोलनारा बघा. आन् निल्याला कळू दिऊ नका. हिला तर अजिबात..."

"ह्यांचं ऐकू नका, मार्थाबाई," फोनमध्ये काकूंचा स्वच्छ आवाज आला. "ड्रायव्हर न्हाई पायजे. आमचं बरं चाललंय."

मग आप्पा म्हणाले, "अगं, तू दुकानात गेली हुतीस ना?"

"आले की माघारी. मार्थाबाईंचं बोलनं सगळं गाडीच्या स्पीकरमधी येतंय. भाईर चार मानसं हुभी राहून ऐकत्यात."

"बंद कसं करायचं हे?"

"ते लाल दाबा. ते न्हाई, ते! सरका, मी दाबते."

फोन कट झाला. पुन्हा आला नाही. गाडी अजून आप्पाच चालवतात, पन्नासच्या आत, आणि हौदाला नवं प्लास्टर झालंय.

या प्रकारातून धंद्याच्या दृष्टीने मी एकच शिकले. मीटर ड्रायव्हरपुढून काढून मध्ये आणला तर ड्रायव्हरला सवय व्हायला वेळ लागतो. शेजारच्या सीटला अजिबात लागत नाही. म्हणून अशी गाडी घेऊ का, असं विचारायला क्लासमध्ये कुणी पुरुष आला की मी बॅटरी, चार्जिंग वगैरे काही बोलत नाही. डाव्या सीटवर कोण बसणार, एवढंच विचारते. निम्मे जण थोडा विचार करून जुन्या मॉडेलची चौकशी करतात.